दहा तारखेपर्यंत

सानगडीच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि तेवढी वर्षं माझा समज असा होता की चुका पोरं करतात आणि बाई त्या दुरुस्त करतात. स्वभाव माझा पहिल्यापासून तिखट. ‘ही डोन्ट’ लिहिणाऱ्याला मी पन्नास वेळा ‘ही डझन्ट’ लिहायला लावत असे. पोरं मला पाठीमागे मिरची म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण गावानं मला अजून निवृत्त केलेलं नाही. कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्या ओसरीवर येतो. विम्याचं पत्र असो, गॅसवाल्याचा मेसेज असो, नाहीतर कुणाच्या पोराचा नोकरीचा अर्ज. मी वाचून देते, लिहून देते आणि वर चार शब्द सुनावते. सुनावण्याचे पैसे घेत नाही म्हणून लोक येत असावेत.

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या सुरुवातीला अशीच एक माजी विद्यार्थिनी आली. एकोडीच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या मासे धरणाऱ्या घरातली. तिच्या बापाला अख्खी सानगडी ओळखते, कारण बाजाराच्या दिवशी तो मासळी घेऊन बसतो आणि कुणी घासाघीस करायला लागलं की मासा उचलून परत पाटीत ठेवतो. पोरगी शाळेत असताना मागच्या बाकावर बसायची, बोलायची कमी. बारावीनंतर तिनं नागपूरला राहून मत्स्यपालनाचा डिप्लोमा केला. त्यांच्या गावात पोटापुरता मासा सगळेच धरतात, पण माशाचं शिक्षण असतं आणि त्याचा कागद मिळतो, हे तिच्यामुळे पहिल्यांदा कळलं.

तिला नोकरी लागली होती. रायपूरकडे एक खाजगी मत्स्यबीज केंद्र आहे, तिथे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात. त्यांनी तिला वर्षभरासाठी घेतलं होतं, राहायची सोय होती, काम शिकवणारही होते. वीस जुलैला हजर व्हा, असं पत्रात लिहिलं होतं. पोरगी पत्र दाखवताना दोन्ही हातांनी मोबाईल धरून उभी होती, जणू तो वाऱ्यानं उडून जाईल.

अडचण एकच होती. त्यांच्या गावचा तलाव मच्छीमार संस्थेकडे आहे. पाऊस होऊन तलाव भरला की त्यात विकत आणलेलं बीज सोडतात. आदल्या वर्षी बीज प्लास्टिकच्या पिशव्यांतून आलं, लोकांनी पिशव्या फोडल्या, धडाधड तलावात ओतल्या आणि दुसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर लागला. पिशवीतलं पाणी कोमट आणि तलावातलं गार. एवढ्याशा जिवाला तो फरक सोसत नाही. पोरगी तेव्हा परीक्षेसाठी नागपुरात होती. या वर्षी बीज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येणार होतं आणि बापाची इच्छा होती की तेवढं तरी तिनं स्वतः उभं राहून करावं.

“बाबा म्हणते, बीज सोडेपरेंत थांब,” ती म्हणाली. “तेवढं झालं का मी जातो. दहा तारखेपरेंत जातोच. तुमी त्याईले तसं लिहून देता का?”

मी लगेच चष्मा लावला. असं काम मला मनापासून आवडतं. तिच्याच मोबाईलवर मी सहा ओळींचा मजकूर तयार केला. आभार मानले, तलावाचं कारण नेमक्या शब्दांत सांगितलं आणि शेवटी ठणठणीत वाक्य टाकलं: आय शॅल बी अव्हेलेबल अनटिल टेन्थ ऑगस्ट. ‘शॅल’ कुठे आणि ‘विल’ कुठे, हे आजकाल कुणाला कळत नाही, असं तिला ऐकवलंही. तिनं मान डोलावली आणि पाठवून दिलं.

पाच दिवसांनी ती परत आली. या वेळी ती ओसरीवर चढली नाही, खाली पायरीवरच बसली. केंद्रानं नकार कळवला होता. तिचं म्हणणं असं की वेळ मागणारी माणसं कुणाला नको असतात, हजार जण रांगेत उभे असतात. तिनं ते इतक्या शांतपणे सांगितलं की मलाच राग आला. एवढी हुशार पोरगी वीस दिवस मागते आणि यांच्याकडे तेवढा धीर नाही? मी मोबाईल हातात घेतला. त्यांना खरमरीत उत्तर द्यायचं मी ठरवलं होतं, आणि त्याआधी त्यांच्या इंग्रजीत एखादी चूक सापडते का ते बघायचं होतं. सापडली असती तर उत्तराची सुरुवात मी तिथूनच केली असती.

चूक सापडेना. दोनच वाक्यं होती. आपण ओन्ली अनटिल टेन्थ ऑगस्ट उपलब्ध आहात आणि आमचं काम वर्षभराचं आहे, म्हणून आपला विचार करता येत नाही. मी ते पुन्हा वाचलं. दहा तारखेचा आणि वर्षभराचा काय संबंध? ती दहाला येणार आणि तिथून पुढे वर्षभर राहणार. हे लोक असं का लिहितात की ती जणू दहाला निघूनच जाणार आहे?

मग मी मोबाईलवर मजकूर खाली सरकवून माझंच वाक्य वाचलं, ‘अनटिल’पाशी थांबले आणि मोबाईल पोरीला परत दिला.

मी पोरीला काही सांगितलं नाही. “उद्या ये, बघते,” एवढंच म्हटलं. ती गेली आणि मी कपाटातला जाड शब्दकोश काढला. तिथे पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं. दहा तारखेपर्यंत केव्हाही येऊन पोचायचं असेल तर ‘बाय’. आणि दहा तारखेपर्यंत राहायचं, मग संपलं, असं असेल तर ‘अनटिल’. मी लिहून दिलं होतं की ही मुलगी दहा ऑगस्टपर्यंत मोकळी आहे, त्यानंतर नाही. त्यांनी ते जसंच्या तसं वाचलं होतं. बिचाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

चूक कुठून आली हे शोधायला लांब जावं लागलं नाही. माझी शिकवण्याची जुनी वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात माझ्याच वळणदार अक्षरात एक चौकट आहे: टिल, अनटिल, बाय, तिन्हींसमोर एक महिरपी कंस आणि कंसापुढे एकच शब्द, ‘पर्यंत’. ही चौकट मी दर वर्षी फळ्यावर काढत असे आणि पोरं ती उतरवून घेत. कुणी कधी शंका काढली नाही, कारण शंका काढणाऱ्याचं माझ्या वर्गात काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मराठीत हे चालून जातं, हीच तर गंमत आहे. ‘दहा तारखेपर्यंत येईन’ म्हटलं की कळतं, ‘दहा तारखेपर्यंत राहीन’ म्हटलं की तेही कळतं. आपल्याकडे सगळं ओझं क्रियापद उचलतं, ‘पर्यंत’ नुसता सोबत चालतो. इंग्रजीत तेच ओझं त्या चिमुकल्या शब्दावर आहे. तो बदलला की येणारा माणूस जाणारा होतो. अठ्ठावीस वर्षं मी क्रियापदांची रूपं घोकून घेतली आणि हे मला एकदाही दिसलं नाही. माझ्याच चष्म्याखाली अंधार होता.

खरं सांगते, त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं की गप्प बसावं. पोरीला कळलेलं नाही, केंद्राला कळणार नाही, शब्दकोश पुन्हा कपाटात जाईल. हे मी बराच वेळ मनात घोळवलं. मला त्याची लाज वाटते, पण ते मनात आलं होतं हे खोटं कशाला सांगू?

सकाळी पोरगी आली तेव्हा मी तिला आधी ओसरीवर बसवलं आणि मग सांगितलं. वही दाखवली, शब्दकोश दाखवला. तिनं दोन्हीकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “म्हणजे मी वेळ मांगलो म्हणून नाही हाकललं मले?” आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला खाली बघावं लागलं. नकार आल्यापासून ती पोरगी हे मनात धरून होती की आपण मागायला नको होतं.

मी म्हटलं, मी आता सविस्तर पत्र लिहिते, माझ्या सहीनं, तीन परिच्छेदांचं. चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिते. ती हसायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी हसताना पाहिलं नव्हतं.

“बाई, पत्र राहू द्या,” ती म्हणाली. “मी फोन लावतो.”

आणि तिनं लावला, माझ्यासमोर, स्पीकर सुरू ठेवून. समोर केंद्राचा व्यवस्थापक होता, आवाजावरून वयस्क वाटत होता. पोरगी हिंदीत बोलली, आपल्या इकडच्या हिंदीत, जिच्यात निम्मी मराठी असते. ती म्हणाली की दस अगस्त तक आ जाऊँगी असं सांगायचं होतं, दस अगस्त तक रहूँगी असं लिहिलं गेलं. एका वाक्यात झालं. तो माणूस मोठ्यानं हसला. म्हणाला, आमच्या ऑफिसातही हेच लिहितात, ‘तक’ला काय लिहायचं कुणालाच कळत नाही. पण तिच्या जागी त्यांनी दुसऱ्या एकाला बोलावलं होतं, तो सोमवारी येणार होता. तो आला तर काही करता येणार नाही, तरी तुम्ही नीट लिहून पाठवा, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

या वेळी मजकूर पोरीनं लिहिला. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तिनं चारच ओळी लिहिल्या. ‘शॅल’ नव्हता, तलावाचं कारण नव्हतं, मधे एक स्वल्पविराम चुकला होता आणि तो मी चुकू दिला. ‘बाय टेन्थ ऑगस्ट’ मात्र बरोबर होतं. पाठवण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे का म्हणून. त्या पोरीला अजून मला विचारावंसं वाटत होतं याचं मला नवल वाटलं.

जाताना ती म्हणाली, “बाबाले सांगू नका. ते अख्ख्या बाजारात सांगतीन. गावात तुमचं नाव जाईन.”

मी हो म्हटलं. मला सोयीचंच होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. एक दिवस मी शाळेत गेले. तिथे आता इंग्रजी शिकवणारा मास्तर माझाच विद्यार्थी आहे. वर्गात भिंतीवर त्यानं हौसेनं तक्ते रंगवून घेतले आहेत, आणि त्यांतल्या एका तक्त्यावर माझी चौकट होती, महिरपी कंसासकट, लाल रंगात. मी त्याला बाहेर बोलावून सांगितलं. तो आधी ऐकेचना. “बाई, तुमीच तं शिकवलं,” असं तीनदा म्हणाला, जणू माझ्याविरुद्ध माझीच साक्ष काढत होता. शेवटी आम्ही दोघांनी मिळून तक्ता खाली उतरवला. पण ज्यांनी माझी चौकट फळ्यावरून उतरवून घेतली होती, ती पोरं कुठे कुठे गेली होती. कुणी तलाठी झालं होतं, कुणी पुण्यात कंपनीत होतं, आणि देव जाणे किती जणांनी ‘अनटिल’ लिहून आपलं काय काय घालवलं असेल.

त्याच आठवड्यात बाजार होता. मी मासळी घ्यायला पोरीच्या बापाकडे गेले. नेहमी तो मला बघून म्हणायचा, बाई आल्या, आता भाव इंग्रजीत सांगा लागते. त्या दिवशी काही बोलला नाही. मासा तोलला, कागदात बांधला आणि शेजारच्या कोथिंबीरवाल्याला, आधी चाललेलंच बोलणं पुढे न्यावं तसं म्हणाला की पोरीची नोकरी आली होती, आपणच थांब म्हणालो, गेली. एका तलावापायी गेली. कोथिंबीरवाल्यानं मान हलवली, नशीब म्हणाला. मी तिथे पिशवी धरून उभी होते. दोन पावलं पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं. भोवती दहा माणसं होती, त्यांतली निम्मी माझ्या हातचा मार खाल्लेली. मी पैसे देऊन निघून आले. तो मासा मला गिळवला नाही.

उत्तर जुलै संपता संपता आलं. दुसरा माणूस ठरल्याप्रमाणे हजर झाला होता, पण पिल्लं वाढवायच्या तळ्यांवर आणखी एकाची गरज होती. दहा ऑगस्टपर्यंत हजर व्हा, असं त्यांनी लिहिलं होतं आणि ‘बाय’ हा शब्द ठळक केला होता. व्यवस्थापकानं मुद्दाम केला असणार. पोरीनं सायकल अंगणात पाडली, तशीच धावत आली आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा न लावताच वाचलं. मला फार आनंद झाला. आनंदाच्या भरात मी तिला दोन लाडू दिले आणि डब्यात बांधून आणखी दिले, आणि मला वाटलं की झालं, सगळं निस्तरलं.

बीज पाच ऑगस्टला आलं. पोरीनं मला बघायला बोलावलं होतं. मी गेले तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निम्मं गाव जमलं होतं आणि ती गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळ्यांना दटावत होती. पिशव्या तशाच बंद, पाण्यावर तरंगत ठेवल्या होत्या. एक म्हातारा पिशवी फोडायला पुढे झाला तर तिनं त्याला हातानं मागे सारलं. आत्ता नाही, अजून नाही, आधी पिशवीतलं पाणी तलावाएवढं गार होऊ द्या. मागच्या बाकावरची ती पोरगी त्या दिवशी माझ्याहून तिखट होती. बऱ्याच वेळानं तिनं एका पिशवीचं तोंड सोडलं, ती आडवी केली आणि थोडं थोडं तलावाचं पाणी आत घेतलं. पिल्लं आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या शेपटीनं, बाहेर निघाली. काठाला एकही पांढरं पोट दिसलं नाही.

बाप पाळीवर माझ्या शेजारी उभा होता. बाजारात असतो तसा नव्हता, हात मागे बांधून, पाव्हण्यासारखा. मी त्याला म्हटलं, पोरगी फार छान करते आहे. तो हो म्हणाला. मग पाण्याकडेच बघत म्हणाला, “बाई, आता तिले मी कधी थांब नाही म्हणनार. माझ्या एका सबदानं तिचं वाटोळं होत होतं. बापानं आड नाही यावं.”

तेव्हा मला कळलं की निस्तरलं ते फक्त माझं आणि पोरीचं. याला नोकरी परत मिळाल्याचं कळलं होतं, गेली कशी होती ते कळलंच नव्हतं. हा माणूस ते उरलेलं आयुष्य वागवत राहिला असता, आणि कधी ती घरी राहावी असं वाटलं असतं तरी तोंड उघडलं नसतं. माझ्या नावासाठी.

मी सांगितलं. पाळीवर माणसं होती, म्हणून आवाज खाली केला नाही. पत्र मी लिहिलं होतं, शब्द मी चुकवला होता, तुम्ही थांबवलं म्हणून त्यांनी नकार दिलाच नव्हता, त्यांना तारखेचं काही वाटलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं चुकीचं शिकवलं आणि त्याचं फळ तुमच्या पोरीला मिळालं. मागे कुणीतरी फिसकन हसलं, माझाच कुणी विद्यार्थी असणार.

बापानं माझ्याकडे पाहिलं. तो चिडेल याची मी तयारी ठेवली होती. त्यानं विचारलं, “मंग मी नाही आडवलो तिले?”

“नाही. मी अडवलं होतं.”

“मी थांब म्हणलो, त्याच्यानं काई नाही झालं?”

“काहीच नाही झालं.”

मग त्यानं दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तलावातल्या पोरीला हाक मारली. बाजारात मारतो तशी, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी.

“दहा तारखेची वाट कायले पाहतं? परवाच निघ.”

ती परवाच निघाली. साकोलीच्या स्टँडवर तिला बसमध्ये बसवायला आम्ही दोघं गेलो होतो.